नकाशावरची पांढरी जागा

४ फेब्रु.
सकाळी माळावरच्या खडकावर जाऊन पुण्याच्या अण्णाशी बोललो. थोरला भाऊ, एकेकाची विचारपूस झाल्याबिगर सोडत न्हाई. त्याचा गुडघा बरा. वहिनीची साखर उतरली. नातवाचा खोकला थांबला. इकडं हिची कंबर ठीक. लेक मंदा बाळंतपणाला आलीया, आठवा सरत आला, पाय सुजत्यात. वस्तीवर रेंज न्हाई, माळ चढायला अर्धा घंटा. मंदाला कळा लागल्या तर गाडी बोलवायला एवढं कोण पळंल?

५ फेब्रु.
टावरच्या सर्वेची बाई आली. लातूरकडची, आमच्या मंदाएवढी. पाटीएवढ्या फोनवर नकाशा दाखवला. फोन दाट तिथं तांबडं. येरमाळा लालभडक, यात्रेत तर पेटल्यागत दिसतं म्हणं. हायवे म्हंजे तांबडी दोरी. आन आमच्या माळावर कुंकवाएवढा ठिपका.
"तात्या, त्या माळावर किती घरं हायत?"
"एक बी न्हाय, बाई. खडक आन बोरीचं झाड."
मग उमगलं. तो ठिपका आमीच! वस्तीची सोयरीक, मयतीचे सांगावे, सगळं त्या एका खडकावरनं गेलं, आन कुठंतरी त्याची नोंद झाली. 
ही चुलीपासनं म्हणाली, "त्यातलं निम्मं तांबडं तुमचं आन भावजींचं."

६ फेब्रु.
बाई पुन्हा आली. विचारलं, आमची वस्ती कुठं? तिनं बोट ठेवलं तिथं कोरी पांढरी जागा. फोन लागत न्हाई म्हणून दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हणून माणूस न्हाई. रेशनकार्डं बी समदी गावातल्या पत्त्यावर.
बाईनं समजावलं त्यावरनं टावर म्हंजे पंगतीतल्या वाढप्यागत. पानं दाट तिथं चार चार वाढपी, इरळ तिथं एकच, लांब लांब टांगा टाकणारा. केवढा हिशोब हा, हवेत! पण कोपऱ्यात बसलेलं पान त्याला दिसाया तर पायजे.

८ फेब्रु.
बाईनं वस्तीची यादी मागितलीया. घरोघर फिरलो. ही आडवी आली, "माणसं मोजू नयेत. दिष्ट लागती."
मंदा सुपात हरभरा निवडत बसलेली. म्हणाली, "आई, आजवर मोजलं न्हाई, म्हणून तर ही गत."
हिनं सुपातला एक खडा काढून टाकला. मग स्वतःच म्हणाली, "धुरपामावशी राहिली बघा. बांधापल्याडची."

११ फेब्रु.
एकेचाळीस नावं झाली. बाई म्हणाली, "वर देते, तात्या. पर टावर बसंल का न्हाय, माझ्या हातात न्हाय." खोटी आशा लावली न्हाई, गुणाची पोरगी.
मंदाला आज नववा लागला. यादी पाकिटात घातली, टावरच्या साहेबाला खाली चार ओळी लिहिल्या. हितं उतरून ठेवतो:
"आमी हावोत. लेक दिवसावर आलीया. फोन करू नका, लागणार न्हाई. कागदच धाडा, पर लवकर धाडा."