पोरांचा दुधी उपटलास म्हणून

दादा,

तू बाजारातून परत येशील तेव्हा आमी घरात नसणार. मी, काशी आणि दोन्ही पोरं कुंभवलीला राहायला चाललोय.

काल तू बोंबील वाळवायची वलांडी बांधायला पोरांचा दुधीचा वेल मांडवासकट उपटलास. मी हात धरला तर म्हणालास, "पोरांत पोर झालास काय रे? दुधीवर घर चालणार हाय?" हंसा शाळेतून आली ती त्या वेलाजवळच बसून राहिली. रात्री जेवली नाय.

बारा वर्षं मी तुझ्या बोटीवर राबलो. पोरं कधी रांगली, कधी चालली, मला ठाऊक नाय. यंदा पाय मोडून घरी बसलो, तेव्हा त्यांच्याबरोबर बिया टोचल्या. रघू संध्याकाळी वेलाच्या शेंड्याशी काठीला दोरा बांधायचा. सकाळी शेंडा दोऱ्याच्या वर चार बोटं गेलेला दिसला की आमी तिघं ओरडायचो. भरलेल्या जाळ्यानं मला एवढा आनंद कधी दिला नाय.

अंगणात दुसरीकडं जागा होती. दिसली नाय असं सांगू नकोस.

पाय आता बरा हाय, पण दुसरा खलाशी बघ. तारापूरच्या बांधकामावर मला काम मिळालंय. संध्याकाळी पाचला सुटी होते.

आमाला बोलवायला येऊ नकोस. आईच्या वर्षश्राद्धाला मी येईन, पण तुझ्या पंगतीला बसणार नाय.

धर्मा