इझेलची विहीर

२ जून
पोचले एकदाची जॉर्जियात! शिकागोहून बसने येताना अंग आंबून गेलं; पण वर्लीन आजीने दारातच मिठी मारली आणि पुढ्यात तळलेला मासा, भेंडी, मक्याचा पाव मांडला. म्हणते, तिकडे तुला उपाशीच ठेवत होते वाटतं. ही माझ्या आजीची थोरली बहीण. माझी आजी जाईपर्यंत आपल्या वडिलांबद्दल, इझेल पणजोबांबद्दल, एक अक्षर बोलली नाही. मला ते आता इथे जाणून घ्यायचंय. वर्लीन आजीने कामही बघून ठेवलंय: समोरच्या प्रुइटांच्या बंगल्यात म्हाताऱ्याची देखभाल.

९ जून
प्रुइट नव्वदीला टेकलेला, चाकाच्या खुर्चीत. गोडबोल्या गोरा, मला ‘पोरी’ म्हणतो. मुलंबाळं अटलांटात. अंगणातल्या गुलाबाच्या वाफ्याकडे मात्र कायम पाठ करून बसतो. विचारलं, तर म्हणाला, तिथे पूर्वी विहीर होती. आज तिथून खरवडल्यासारखा आवाज आला. घूस असेल.

१५ जून
वर्लीन आजीने सगळं सांगितलं. पणजोबा विहिरी खणायचे. काळा माणूस असून मतदार म्हणून नाव नोंदवून आले, तेव्हा गोऱ्यांना ते खपायचं नाही; लगेच प्रुइटांनी विहीर खोल करायला बोलावलं. ते खाली उतरल्यावर दोर कापला, वरून माती लोटली. पहिलं फावडं या म्हाताऱ्याचं. तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. लहानगी वर्लीन पीचच्या झाडावरून बघत होती.
मी रडत विचारलं, मग मला तिथे का पाठवलंस?
"माझ्या हातात आता जोर नाही गं," ती म्हणाली. "खुर्ची ढकलायला तरणं माणूस लागतं."

१७ जून
खुर्ची वाफ्यापाशी नेली. तोंड फिरवू दिलं नाही. वारा नव्हता, तरी गुलाब मुळासकट आडवे झाले. मला भीती वाटली— आणि बरंही वाटलं.

२० जून
माती खचतेय. तो गयावया करतो, आत ने म्हणतो. मी म्हटलं, आधी त्यांचं नाव घ्या. नाही घेतलं.

२१ जून, भर दुपारी
ब्रेक लावून पायरीवर बसलेय. वर्लीन आजी फाटकाशी उभी.
घेतलं. ‘इझेल,’ म्हातारा म्हणाला. इझेल, माफ कर—
मातीतून हात आला. चाक धरलंय. म्हातारा किंचाळतोय. मी उठणार नाही.
गेला. खुर्चीसकट.
आजी हसतेय. बाबा, बाबा करत धावत सुटलीय— हात अजून वरच आहे, चाचपडतोय— आजी, थांब! इतकी वर्षं अंधारात— त्यांना आपण कोण हे कुठून कळणार—