टायर बसले की निघू

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
निर्णय झाला. गाडीला एकोणीस इंची चाकं. एवढी मोठी एसयूव्ही आणि खाली सतरा इंची चाकं, म्हणजे सहा फुटी माणसाच्या पायात पोराच्या चपला. हे फॅक्टरीतला पर्चेसवाला म्हणाला, कॅन्टीनमध्ये. त्याच्या गाडीला वीस इंची आहेत. पण मला आधीपासून तसंच वाटत होतं.

विषय निघाला आईमुळे. थोरली मावशी माणसं विसरायला लागली आहे. काल मावसभावाचा फोन होता. सख्ख्या सुनेला ती आता शेजारीण समजते. आईला मात्र विसरलेली नाही. धाकटी कधी येणार, धाकटी कधी येणार, असं रोज विचारते म्हणे. आई म्हणाली, ती मला ओळखतेय तोवर एकदा घेऊन चल रे. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. शनिवारी निघायचं. चार तासांचा हायवे आहे. अर्थात आधी चाकं.

बायकोने विचारलं, आहेत त्या चाकांना काय झालंय. मी फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे हे या घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार.
अभ्यास चालू. एकोणीस व्हिडिओ पाहिले (योगायोग). टायरवर लिहिलेलं आता धडाधड वाचता येतं. आपला सध्याचा: २३५/६५ आर १७. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या पासष्ट टक्के, आत सतरा इंची रिम. साडेतीन वर्षं गाडी वापरतोय आणि हे माहीत नव्हतं. असे लोक हायवेवर कसे जातात?

संकल्प:
घाई करायची नाही.
पूर्ण अभ्यास झाल्याशिवाय खरेदी नाही.
शुक्रवारपर्यंत काम फत्ते.

आईने पिशवी भरली. दारापाशी चपलांच्या रॅकशेजारी ठेवली आहे. दोन दिवसांचे कपडे, गोळ्या, मावशीसाठी विणलेला करडा स्वेटर. मी म्हटलं, एवढ्यात कशाला? म्हणाली, राहू दे भरलेली.

१० फेब्रुवारी, शनिवार.
आज निघणं झालं नाही. टायर ही दोन दिवसांत उरकायची गोष्ट नव्हे. आईला समजावलं. ती म्हणाली, तू म्हणतोस तर थांबते. आईचा माझ्यावर विश्वास आहे. बायको म्हणाली, माझ्या गाडीने जाऊ या की. चौदा इंची चाकांची ती डबी! चार तास! आईचे गुडघे! मी विषय तिथेच संपवला.

टायरवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात हवा मोजायचं यंत्र. त्याने आधी गाडीचे जुने टायर पाहिले. खाली बसून बोट फिरवलं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून शाबूत आहेत म्हणाला. किती चालली? पाच हजार दोनशे. साडेतीन वर्षांत? मी म्हटलं, ऑफिसला कंपनीची बस आहे. तो म्हणाला, साहेब, हे टायर उभं राहून राहून एका बाजूने चपटे झालेत. आमच्याकडे झिजलेले येतात, बसून कंटाळलेले पहिल्यांदाच आले.

माणूस बोलका आहे. जरा जास्तच.

गाडी कुठे चालवता, असं त्याने विचारलं. शहर, हायवे की मातीचा रस्ता? त्यावर टायर ठरतो म्हणे. मी म्हटलं, सगळीकडे. त्याने पुन्हा त्या केसांकडे पाहिलं.

मग सूत्र सांगितलं. रिम मोठी घेतली की टायरची कड बारीक घ्यायची, म्हणजे चाकाची एकूण उंची होती तेवढीच राहते. तुम्हाला २५५/५० आर १९ बरोबर बसेल. त्याने कागदावर गुणाकार करून दाखवला, एका मिलिमीटरचाही फरक नाही. पण एकूण उंची तेवढीच राहणार असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? मी २५५/६० सांगितला, तोही ऑल टेरेन. चिखल, दगड, वाळू, सगळ्याला चालतो. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? आणि पावतीवर ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं. याला मी आदर समजतो.

टायर येत्या शनिवारी बसतील. बसले की त्याच पावली निघू.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
मावशीचा फोन. म्हणजे मावसभावाने लावून दिला. आईचा आवाज लगेच ओळखला! लहानपणी आईने तिची कात्री नेली होती, ती घेऊन ये म्हणाली. साठ वर्षांपूर्वीची कात्री. आई हसता हसता रडली. मग आमच्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढून, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

टायरचं कॅटलॉग मी त्या पिशवीवरच ठेवतो. येता जाता नजरेस पडतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.
बसले! गाडी इंचभर वर आली. काय दिसते! पार्किंगमध्ये दोन जण थांबले. त्यातला एक चावी शोधत होता, पण थांबला.

दुपारी ४.
दोन किरकोळ बाबी.

एक: स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. घर्रर्र. कॉलनीतलं कुत्रं भुंकलं.

दोन: आईला चढता येईना. पूर्वी सीटच्या कडेला टेकून आत सरकायची. आज तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बायकोने मागून धरलं. आई म्हणाली, टायर चांगलेच आहेत, माझेच गुडघे मेले. मी म्हटलं, हो, गुडघ्यांचं एकदा बघायला हवं. बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी हवा तपासायला खाली वाकलो.

आवाज करणाऱ्या टायरवर आईला हायवेवर नेणार नाही. फॅक्टरीत माझंच पोस्टर आहे: ‘आवाज म्हणजे इशारा.’ पुढच्या शनिवारी.

१९ फेब्रुवारी, सोमवार.
काटा चाळीस दाखवतो तेव्हा मोबाइल त्रेचाळीस दाखवतो. चाक मोठं झाल्याने गाडी खोटं बोलायला लागली आहे. टायरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब, मी गुणाकार करून दाखवला होता. माणसाने इतकं मागचं धरून बसू नये.

२४ फेब्रुवारी, शनिवार.
टायर परत केले. तो बदलून देतोय, माणूस भला आहे. आता त्याचाच २५५/५०, साधा हायवे टायर. शेवटी मीही याच निष्कर्षावर आलो होतो, फक्त माझ्या मार्गाने. पण स्टॉक नाही. आठवडा लागेल. माझा इलाज नाही.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, बरं. आणि पिशवीतून गोळ्या काढून घेतल्या, कारण वरच्या डब्यातल्या संपल्या होत्या.

बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, तू कुठलेही टायर घाल, पण बायपासवर झालं त्याबद्दल आपण कधी बोलणार आहोत का? मी म्हटलं, बायपासवर काय झालं? ती ओटा पुसत राहिली, पुसून झालेला.

नोंद व्हावी म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी बायपासवर एक कंटेनर जरा जवळून गेला. डाव्या बाजूचा आरसा गेला. फक्त आरसा. आई मागे बसली होती, तिला ओरखडासुद्धा नाही. मी गाडी कडेला घेतली, अगदी नियमाप्रमाणे, इंडिकेटर देऊन. तिथून घरी बायकोने आणली, कारण माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. मुंग्या कोणालाही येतात. त्यानंतर हायवेवर जायचा योग आला नाही, एवढंच. त्याचा आणि टायरचा काडीचा संबंध नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.
मावसभावाचा फोन. मावशीने दोन दिवस कोणालाच हाक मारली नाही. आज सकाळी मात्र ‘धाकटी’ म्हणाली. जमलं तर लवकर या, म्हणाला. मी त्याला टायरच्या स्टॉकची अडचण नीट समजावून सांगितली. मध्येच फोन कटला. रेंज गेली असावी.

२ मार्च, शनिवार.
नवे टायर बसले. पार्किंगमध्ये डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. आवाज नाही. काटा चाळीस, मोबाइल चाळीस. आई टेकून आत सरकली, पहिल्याच झटक्यात. सीटवर बसून हसली, पिशवी मांडीवर घेतली. म्हणाली, चला?

तेव्हा मला सांगावं लागलं. नवे टायर सुरुवातीचे दोनशे किलोमीटर सांभाळून चालवायचे असतात. रबर मुरावं लागतं. हे मी मनचं सांगत नाही. टायरवालाच म्हणाला. (तो पुढे असंही म्हणाला की हायवेवरच चालवा, फक्त कचकन ब्रेक मारू नका, पोहोचेपर्यंत मुरतील. धंदेवाईक उत्तर.) शिवाय स्टेपनी अजून सतरा इंची आहे. चार पाय एका मापाचे आणि पाचवा भलत्याच, अशा अवस्थेत निघणं मला पटत नाही.

आई थोडा वेळ गाडीत तशीच बसून राहिली. मग म्हणाली, मला उतरव. मी हात दिला. हात गार होता. बिचारीला एसी सोसत नाही.

माझ्या सध्याच्या वापराच्या हिशेबाने दोनशे किलोमीटर एप्रिलच्या शेवटी होतील.

६ मार्च, बुधवार.
रोज संध्याकाळी टायर मुरवायला जातो. कॉलनी, पेट्रोल पंप, मोठं गोल सर्कल, परत. आज सर्कलला चार फेऱ्या. एकूण एकतीस झाले. सर्कलपासून हायवेच्या चढाची पाटी दिसते. चांगली मोठी हिरवी पाटी आहे, वाचायला सोपी.

९ मार्च, शनिवार. सकाळी ७.
गेल्या. बायकोच्या गाडीने.

काल जेवताना बायकोने नुसतं सांगितलं, उद्या सहाला आम्ही निघतोय. विचारलं नाही, सांगितलं. मी गुडघ्यांचा मुद्दा काढला. आई म्हणाली, गुडघे माझे आहेत. एवढ्या वर्षांत आई माझ्याशी अशी बोलली नव्हती. मग लगेच मऊ झाली. म्हणाली, तू रागावू नकोस, तुझी गाडी पुढच्या वेळी.

मागे येतोस का, असं बायकोने दारात विचारलं. मागच्या सीटवर जागा आहे. मी म्हटलं, चौदा इंची टायर, त्यात तीन माणसं, लोड वाढेल. ती मान हलवून खाली गेली. मी खाली जाऊन तिच्या चारही टायरची हवा मोजली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. वर्षानुवर्षं तीच बघते म्हणाली. गाडी फाटकातून वळली तेव्हा आईने मागे बघून हात केला.

सकाळी ११.
पोहोचल्या. तीन तास पन्नास मिनिटं. काही झालं नाही.

संध्याकाळी ६.
आईचा फोन. मावशीने ओळखलं नाही.

आईने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. मावशी तिला नर्स समजली. चांगली बोलली, हसली, स्वेटर अंगात घालून घेतला. आईने रुमालातून कात्री काढून दिली, म्हटलं बघ, आणली. मावशीने ती कात्री उशीखाली ठेवली आणि म्हणाली, बाई, ही कोणाला देऊ नका हं, धाकटी मागायला येणार आहे. मग आईला म्हणाली, तिच्यासाठी इथे शेजारी एक गादी घालून ठेवा. आईने गादी घातली. आता त्याच गादीवर झोपणार आहे.

मावसभाऊ म्हणाला, रविवारपर्यंत नाव घेत होती. गेल्या रविवारपर्यंत.

दोन मार्चला शनिवार होता. मी कॅलेंडर पाहिलं. पुन्हा पाहिलं.

फोन ठेवताना आईने विचारलं, टायर मुरले का रे? मी म्हटलं, हो, मस्त आहेत. ती म्हणाली, छान झालं. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

१० मार्च, रविवार. सकाळी ६.
निर्णय झाला. मी स्वतः जाऊन दोघींना घेऊन येणार. बायकोची गाडी मावसभाऊ नंतर पाठवेल. टाकी फुल. हवा तेहतीस. ग्रिप नवी. रस्ता कोरडा. रविवार म्हणजे ट्रक कमी. स्टेपनी सतरा इंची असली तरी एकूण उंची तीच आहे, चालेल. कसलीही अडचण उरलेली नाही. कॉलनी, पेट्रोल पंप, सर्कल, आणि तिथून सरळ वर.

सकाळी ८.
घरी आहे.

सर्कलपर्यंत उत्तम गेलो. हिरव्या पाटीखालून चढाला लागलो. वर हायवे दिसला, एक कंटेनर गेला, मग दुसरा. त्यांच्या वाऱ्याने गाडी हलली की मीच हललो, सांगता येत नाही. मी इंडिकेटर देऊन कडेला थांबलो. हातांना मुंग्या. मुंग्या नव्हेत, थरथर होती. मी घाबरलो. दोन वर्षं घाबरलेला आहे. इथे लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय? आई मागे डाव्या खिडकीला बसली होती त्या दिवशी. मी त्या आरशात तिचा चेहरा पाहिला होता, आणि मग आरसाच नव्हता.

वीस मिनिटं थांबलो. मागून एक म्हातारा स्कूटरवर आला, काच वाजवून विचारलं, पंक्चर का? मी म्हटलं, नाही हो, नवे टायर आहेत.

मग पुढे दुभाजकातल्या फटीतून यू-टर्न घेतला. जागा अगदी अरुंद होती. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावं लागलं, अगदी अडेपर्यंत. काच खाली होती. मी कान देऊन ऐकलं.

टायर कुठेही घासला नाही.