परातीचा उजेड

मु. दिवेआगर, पो. बोर्ली पंचतन, जिल्हा कुलाबा
ता. ४ डिसेंबर १९५३

तीर्थस्वरूप साडूभाऊ धर्माजीराव यांच्या सेवेशी, धाकटा साडू दिनानाथ याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली असल्यामुळे नमस्कार बसल्या बसल्याच घालतो आहे, तरी तो साष्टांगच धरावा.) इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. आपला ताप उतरला असेल आणि नागावच्या विहिरीचं पाणी उतरलं नसेल अशी आशा आहे. नलूताईंच्या गुडघ्याला आराम पडो. बुवांना माझा दंडवत सांगावा. चार वर्षांपूर्वी आपल्या ओटीवर बसवून त्यांनी माझ्या गळ्यात घातलेली तुळशीची माळ जशीच्या तशी आहे आणि तिच्याशी मी इमान राखून आहे. समुद्रकाठी राहून मासळी सोडणं म्हणजे काय, हे आपल्यालाही ठाऊक आहे, कारण आपण अजून सोडलेली नाही. (हे रागाने लिहिलेलं नाही.)

माझ्या लग्नाच्या पंगतीत, जावई मोटार चालवतो असं कळल्यावर, हा काय दिवे लावणार, असं आपण मोठ्याने म्हणाला होता. मी त्या वेळी भात कालवत होतो म्हणून बोललो नाही. आज चौदा वर्षांनी कळवायला आनंद होतो की मी दिवे लावले आहेत. एकूण तीन. तिसऱ्याची हकीकत लांब आहे आणि तिच्यावर माझं पोट आहे, तेव्हा सवडीने वाचावी.

शेठच्या लॉरीवर मी लग्नापासून ड्रायव्हर. इथल्या वाड्यांतली सुपारी आणि नारळ दुपारभर भरायचे, दिवेलागणीला निघायचं आणि म्हसळ्याच्या वखारीत माल टाकायचा, हा क्रम आपण जाणताच. लॉरीला दोन दिवे. इतकी वर्षं त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण गेल्या वर्ष-दीड वर्षात आमच्याकडे काळोख फार दाट झाला आहे. नागावला समुद्र उघडा असल्यामुळे आपल्या लक्षात आलं नसेल. (दिवेआगरलाही उघडाच आहे, पण ती गोष्ट निराळी.) पूर्वी काळोख हळूहळू यायचा, आधी खोकून, मग पायरीवर थांबून, पाहुण्याने यावं तसा. आता सूर्य बुडाला की कोणी डोक्यावरून पोतं टाकल्यासारखं होतं. मी यावर पुष्कळ विचार केला. माझ्या मते इंग्रज जाताना जे काय काय घेऊन गेले त्यात उजेडाचाही थोडा भाग गेला असावा, आणि त्याचा परिणाम आमच्या बाजूला उशिरा पोचला. आश्चर्य एवढंच की इतरांना हे जाणवत नाही. आपले लोक फार सोशीक.

या काळोखामुळे दसऱ्यापासून लॉरी दोनदा चरात गेली आणि एकदा देवळाच्या पायरीवर चढली. (तेव्हा आत आरती चालू होती. लोकांनी सरकून जागा करून दिली.) शेठ तसे शांत आहेत, पण त्यांनी शेवटी मला पेढीवर बोलावून निकाल सांगितला. येत्या चौदा तारखेला, सोमवारी, ते स्वतः माझ्या शेजारी बसणार. दिवेलागणीला निघून म्हसळ्यापर्यंत गाडी कुठे न घासता गेली तर चाक माझं. नाहीतर चाक काळूरामचं. हा काळूराम पनवेलला गाडी शिकून आला आहे आणि वळणावर गाणी म्हणतो. धर्माजीराव, चौदा वर्षांत ते चाक झिजून माझ्या पंजाच्या मापाचं झालं आहे. ते दुसऱ्याच्या हातात बघायची वेळ आली तर मला घरातही कुठे बसावं ते कळणार नाही.

म्हणून मी बोर्लीच्या शिवदासला गाठलं. हा सायकली, गॅसबत्त्या आणि भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करतो, त्यामुळे मोटारीचं त्याला वरवर कळतं. पहिल्याने आम्ही दिव्यांच्या काचा चिंच आणि राखेने घासल्या. काळोख तसाच. मग शिवदासने डिपरची तार तोडली. त्याचं म्हणणं, रस्ता पुढे असताना दिव्याने मान खाली का घालावी? तेव्हापासून गाडी कायम अप्परवर. समोरून येणारा दिपला तर त्याने बाजूला व्हावं, आपण कशाला लाजायचं? तरीही मला रस्ता दिसायचा तो एखाद्या सतरंजीएवढा, आणि तीही कोणी गुंडाळत असल्यासारखी. तेव्हा दिव्यांच्या आत ज्या चकचकीत वाट्या असतात त्या काढून कल्हईवाल्याकडे दिल्या. त्याने त्या आमटीच्या पातेल्यासारख्या लख्ख करून आणल्या. वर वाटीत आंबट ठेवायला आता हरकत नाही, असंही सांगितलं.

शिवदासच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. तो म्हणाला, वाटीने एवढा उजेड पडतो तर परातीने किती पडेल? हा हिशेब मला बिनतोड वाटला. आमच्या घरात परात एकच, चंद्राबाईच्या लग्नातली, आपल्या नलूताईंना मिळाली तिचीच जुळी. ती कल्हई करून, मधोमध भोक पाडून, दिघीच्या एका जुन्या लाँचवरचा मोठा बल्ब तिच्यात बसवला आणि लॉरीच्या टपावर आवळून बांधली. (भोक पाडताना चंद्राबाई मागच्या दाराशी जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं. नंतर तिने तीन दिवस भाकरी पाटावर थापली आणि प्रत्येक भाकरीबरोबर माझ्याकडे बघितलं.) आता दिवा लावला की हॉर्न वाजत नाही, आणि हॉर्न वाजवला की दिवा विझतो. म्हणून मी दिवा लावून तोंडाने ओरडतो.

दिवाळीनंतरच्या सोमवारी परात पहिल्यांदा पेटली आणि जे झालं त्याची कल्पना मला किंवा शिवदासला असायचं कारण नव्हतं. आपल्या लोकांची सवय आपण जाणता. तिन्हीसांजेला कुठेही दिवा लागला की हात आपोआप जोडले जातात. घरातल्या चिमणीला करतात, तर परातीला का नाही करणार? समोरून येसाजीची भाताच्या पेंढ्याची बैलगाडी येत होती. त्याने उजेड बघितला, भक्तिभावाने कासरा सोडला आणि दोन्ही हात जोडले. बैलांना देवाधर्माचं काही नसतं. ते गाडी घेऊन सरळ तळ्यात उतरले. पुढे एक सायकलवाला हात जोडून आला आणि हात जोडूनच कुंपणात गेला. त्याहून पुढे, आमच्याच आळीत, सुपारी पाडणारा हरेश्वर झाडाच्या शेंड्यावर होता. उजेड त्याच्या बरोब्बर तोंडासमोर आला. हरेश्वर मोठा भाविक. त्याने झाड सोडून नमस्कार केला आणि तसाच, हात जोडलेले, डोळे मिटलेले, सबंध पोफळीवरून घसरत खाली सुपारीच्या चोडांच्या, म्हणजे सालींच्या, ढिगात येऊन बसला. अंगाची सालं जरा सोलवटली, बाकी काही झालं नाही. देवाने वाचवलं असं तो सांगतो. देव म्हणजे कोण, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

चार दिवसांत गावात दोन पक्ष झाले. एक हात जोडणाऱ्यांचा. दुसरा, दारूबंदी असूनही खाडीपलीकडून चामड्याच्या पिशव्यांतून जे आणतात त्यांचा. हे लोक उजेड दिसताच पोलीस आले असं समजून पिशव्या टाकून हात वर करायचे. मी बिचारा दोन्ही बाजूंना नमस्कार करत, तोंडाने पोंऽऽ पोंऽऽ करत जात असे. मला मात्र एवढ्या उजेडातही रस्ता पूर्वीइतकाच दिसत होता, म्हणजे जेमतेम.

याच सुमारास येसूबाईचा प्रसंग घडला. येसूबाई ही भरडखोलची कोळीण. सुकटीच्या पाट्या घेऊन आठवड्यातून दोनदा म्हसळ्याला येते आणि पुढे माझ्या शेजारी बसते. त्या संध्याकाळी बोर्लीच्या पुढे रस्त्यात एक म्हैस आडवी उभी होती. मी ओरडलो. ती हलेना. मी खाली उतरून तिला समजावलं, मग तिच्या मालकाचा उद्धार केला, मग तिच्या पाठीवर थाप मारली. येसूबाई वरूनच म्हणाली, “दिनानाथा, ती म्हस न्हाय रं, पेंढ्याची उडवी हाय. आनि ती रस्त्यान न्हाय, तूच श्यातान आलायस.” (येसाजीच्या शेतात आम्ही बरेच आत गेलो होतो, हे खरं.) एवढ्यावर थांबली असती तर ती येसूबाई कसली? म्हणाली, “गारीचं डोलं बरं हायत. तुजं डोलं गेलंत. रातांधला झालायस तू. मुशीचं तेल पी, मुशीचं. आमचं लोक पितान, त्यांना कालोखान जाल्याचं भोक दिसतं.” (मुशी हा दातवाला मासा. हे मी माळ घालण्यापूर्वीच्या ज्ञानावर लिहितो.) मला असा राग आला! सुकट विकणाऱ्या बाईला मोटारीच्या दिव्यांतलं काय कळतं? पण ती वयाने मोठी आहे आणि शेतातून परत रस्त्यावर यायला तीच मला डावं-उजवं सांगत होती, म्हणून ती म्हणेल तिकडे चाक वळवलं.

आणि सत्य शेवटी वर आलंच. सांगायला अभिमान वाटतो की गेल्या मंगळवारपासून परात जी काही पेटली आहे तिला तोड नाही. शिवदासने काय केलं कोण जाणे, विचारलं तर तो जमिनीकडे बघून हसतो. मला रस्ता दिसतो. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. काल मला पोफळी एकेक करून मोजता आल्या, येसाजीच्या बैलांच्या शिंगांचा लाल हिंगूळ दिसला, आणि पुलाखाली कोणी काय करत बसलं होतं तेही दिसलं, जे दिसलं नसतं तर बरं झालं असतं. उजेड इतका वाढूनही लोकांनी हात जोडणं मात्र एकदम सोडून दिलं आहे. हरेश्वर तर काल लॉरीकडे बघून नुसता शिंकला. लोकांची श्रद्धा किती दिवस टिकते, यावर बुवांनी एखादं प्रवचन करावं.

असो. पत्र लांबलं. चौदा तारखेला आमच्यासाठी देवापाशी दोन शब्द बोलावेत. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि गुडघ्यास तिळाचं तेल.

आपला नम्र,
दिनानाथ

ता. क. नलूताईंची परात पाठवता आली तर बघावी. टपावर एकच परात असल्याने लॉरी टोपी तिरकी घातल्यासारखी दिसते. भोक लहानच पाडू.

ता. क. दुसरा. बुवांना एक विचारायचं आहे. माझा एक मित्र आहे, माळकरी, तोही ड्रायव्हरच, तोही दिवेआगरचाच. त्याने औषध म्हणून मुशीचं तेल घेतलं तर माळेला चालतं का? धर्माजीराव, आपल्यापाशी खोटं कशाला बोलू? आज दिसतं आहे, पण संध्याकाळ व्हायला लागली की मी एक डोळा मिटून दुसऱ्याने पोफळी मोजून बघतो. चौदा तारखेला दिसलं नाही तर? मला काळोखाची भीती वाटते, आणि ड्रायव्हरने हे कोणाला सांगायचं? चंद्राबाईला तर मुळीच नाही. बुवांना विचारताना मित्राचंच नाव घ्यावं. त्याला नाव नाही.

भाऊजींस चंद्राचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आहे. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून वाचलं. ताईची परात पाठवू नका. आमच्या परातीतला बल्ब सोमवारीच जळाला. शिवदास मला येऊन सांगून गेला, यांना सांगायला घाबरतो. मंगळवारपासून लॉरी जुन्या दोन दिव्यांवरच चालली आहे. येसूबाई त्या म्हशीच्या दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराने आली आणि बाटली देऊन गेली. डोळ्यात तेल घालून गाडी चालव, असं शेठ रोज यांना सांगत होते. डोळ्यात घालणं मला जमलं नसतं, म्हणून आमटीत घातलं. हिंग दुप्पट घालते. हे दोनदा वाढून घेतात, आणि माळ घातल्यापासून अशी आमटी खाल्ली नव्हती म्हणतात. पाप असेल तर ते माझ्या नावावर असू दे, मला यांना चाकावर बसलेलं बघायचं आहे. बुवांना मात्र काही विचारू नका. चालत नाही म्हणाले, तर पोटात गेलेली अख्खी बाटली मी कुठून काढू?