भूमिका आणि तुझ्यामधली पाच वर्षं

मिथुन,

शीतलला दुसरं मूल चार वर्षांनी हवंय, म्हणून तिला घेऊन पेणला दवाखान्यात जाते, तांबी बसवायला. पारीला भात भरव. कारखान्यातल्या गणपतींच्या डोळ्यांना हात लावू नकोस, ते शीतलच आखेल.

काल चौकशीला गेलो तेव्हा सिस्टरनं तांबी माझ्या तळहातावर ठेवली. काडेपेटीच्या काडीएवढी, अंगाला तांब्याची तार. दहा वर्षं राखण करते म्हणे. मी बघतच राहिले. आपल्या कारखान्याचा राखणदार दहा महिने टिकत नाय.

"ती बसवली की पुन्हा मूल नाय," म्हणत तू अबोला धरलायस. अरे, भूमिकाताईत नि तुझ्यात पाच वर्षं देवानं नाय ठेवली, मी ठेवली. तेव्हा मी पण तांबी बसवलेली, लाजेनं बघितलीसुद्धा नव्हती. काढली, आणि तिसऱ्या महिन्यात तुझी चाहूल लागली.

संध्याकाळी शीतलशी बोल.

आई