अण्णा, ताईने या वेळी विचारलं नाही

प्रिय अण्णा,

तुम्हाला काही विचारायला लिहीत नाहीये. कळवायला लिहितोय. आपल्या घरात या दोन गोष्टींत केवढा फरक होता, ते तुमच्याहून जास्त कुणाला माहीत?

ताई आत्ता मुंबईत परीक्षेला बसली आहे. इकडे नर्सचं काम करायचं तर लायसन लागतं, त्याची परीक्षा. कंप्युटरवर असते. इकडे म्हणजे मस्कतला. मी इथे एसीचे पत्र्याचे डक्ट बसवतो. आज शुक्रवार, सुट्टी. ताईचा मोबाइल सेंटरवाल्यांनी बाहेर ठेवून घेतला असेल, म्हणजे ती सुटेपर्यंत फोन नाही. आणि मला एका जागी बसवत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? खोली ते गेट, गेट ते खोली इतक्या चकरा झाल्या की खोलीतला बिहारी चाचा म्हणाला, "अरे भाई, इम्तिहान बहन का है कि तेरा?" म्हणून शेवटी पेन घेतलं. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, समजून वाचा.

"अण्णांना विचार." राजपुऱ्यातल्या आपल्या घरात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य हेच असेल, नाही? शाळेची सहल, अण्णांना विचार. पडद्याचं कापड, अण्णांना विचार. ताईला नर्सिंगला जायचं होतं, तर तुमचा चहा संपेपर्यंत ती दारात ओढणीचं टोक पिळत उभी होती. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "जा, शिक." एवढंच. तुम्ही बहुतेक वेळा हो म्हणायचात, अण्णा. पण विचारल्याशिवाय नाही. आणि तुमचा तरी काय दोष? दिवसभर लूमच्या कारखान्यात मास्टर. कुठे काही अडलं की कामगार तुम्हालाच हाक मारणार. तीच सवय घरी आली.

मी तेवढा विचारायचो नाही. न विचारता सुरतला पळालो, तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. आणि मग एक दिवस माझ्या खोलीच्या दारात तुम्ही! हातात दराब्याच्या मिठाईचा डबा. म्हणालात, "लूमचा पार्ट घ्यायला आलो होतो." पार्ट कुठे होता, अण्णा? परत जाताना तुमच्या पिशवीत फक्त माझे मळके शर्ट होते, आईकडून धुऊन आणायला.

आता ताईच्या अभ्यासाचं ऐका. दवाखान्यातली ड्युटी करून ती घरी यायची आणि गच्चीवर पुस्तक घेऊन बसायची. सुट्टीच्या दिवशी मला फोन लावायची आणि प्रश्न मराठीत करून सांगायची. मी म्हटलं, "मला काय कळणार यातलं?" तर म्हणाली, "तू फक्त हं हं कर. समोर कोणी असलं की डोकं चालतं."

एकदा म्हणाली, "पेशंटला रक्त चढतंय. अचानक थंडी वाजून तो थरथरायला लागला. नर्सने सगळ्यात आधी काय करावं? डॉक्टरला सांगावं, पांघरूण घालावं, रक्त बंद करावं, की नातेवाइकांना बोलवावं?"

मी म्हटलं, "बंद कर ना ते रक्त आधी."

तिने पान उलटून उत्तर बघितलं. मग म्हणाली, "मी डॉक्टरला सांगावं, हे लिहिलं होतं."

मला वाटलं, वा, आपल्याला तर येतं की. पुढच्या प्रश्नात साखर कमी होऊन बेशुद्ध पडलेल्याला मी साखरेचं पाणी पाजलं. "मेला तुझा पेशंट," ताई म्हणाली. "बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाईल, येड्या."

पण गंमत बघा. औषधाचा हिशोब, सलाइनचे थेंब, सगळं तिला तोंडपाठ. फक्त "सगळ्यात आधी काय करावं" आलं की ती चुकायची. दर वेळी तिचं उत्तर एकच, डॉक्टरला सांगावं. तिच्या दवाखान्यात न विचारता पट्टी बदलली तरी डॉक्टर ओरडतात. आणि घरी तर तुम्ही होता. पण या परीक्षेवाल्यांचं म्हणणं असं की आधी तुझ्या हातात आहे ते कर, मग सांग. मी म्हटलं, "ताई, हा पेपर मला देऊ दे. मी जन्मात कुणाला विचारलं नाही."

"म्हणूनच डक्ट ठोकतोय," ती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी हसली.

मी तिला इथल्या क्लिनिकची गोष्ट सांगितली. आमच्यातल्या एकाचा हात पत्र्याने कापला, मी त्याला घेऊन गेलो. केरळची नर्स होती, ताईच्याच वयाची. तिने आम्हाला नाव विचारलं नाही, काही नाही. कापसाचा बोळा दाबून धरला, त्याचा हात वर केला, त्याला बसवलं आणि मग मान आणि खांद्यामध्ये फोन धरून डॉक्टरला बोलावलं. ताईने मला ते दोनदा सांगायला लावलं. "आधी दाबलं? मग सांगितलं? आणि डॉक्टर काही बोलला नाही?"

"थँक्यू बोलला," मी म्हटलं.

मग एका शुक्रवारी छातीत दुखण्याचा प्रश्न आला. ताईने अर्धा वाचला आणि थांबली. फोनमधून नुसता गल्लीतल्या लूमचा आवाज येत होता. "हा राहू दे," म्हणाली.

अण्णा, मी त्या दुपारी घरी नव्हतो. ताईनेच सांगितलं ते मला माहीत. तुम्ही जेवून उठलात, छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, गॅस झाला. तुम्हाला घाम फुटला होता. ताईला कळलं होतं, अण्णा. ती नर्स आहे, तिला नाही कळणार? पण तिने विचारलं, "अण्णा, दवाखान्यात जाऊ या का?" तुम्ही म्हणालात, "थोडं पडू दे. संध्याकाळी बघू." आणि ती तुमच्या पायाशी बसून राहिली. संध्याकाळ तुम्ही बघितलीच नाही.

एक धागा तुटला तरी तुम्ही अख्खा लूम तिथल्या तिथे बंद करायचात. संध्याकाळी बघू, असं कधी म्हणालात का हो? मग स्वतःच्या बाबतीत असं का? आणि तिला का अडवलंत? आज तेवढंच विचारतो, रागावू नका.

तुमच्यानंतर जैनाबादचे नानाकाका तुमच्या जागी आले. घरातलं विचारणं तिकडे वळलं. त्यांनी ताईला बघायला जळगावचे पाहुणे ठरवले, तेही नेमके आजच. ताईने परीक्षेचं सांगितलं, तर म्हणाले, "परीक्षा काय, फिर से हो जाती है. चांगलं स्थळ पुन्हा येत नाही." आईनेही ताईची बाजू घेतली नाही.

परवा ताईचा फोन. रडवेली. "काकांना विचारून बघू का? की तारीखच पुढे घेऊ?"

मी म्हटलं, "ताई, प्रश्न नीट वाच. नर्सने सगळ्यात आधी काय करावं? काकांना विचारावं, आईला विचारावं, परीक्षा पुढे ढकलावी, की गाडीत बसावं?"

"चावट," म्हणाली आणि फोन ठेवला.

काल जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन. मागे गाडीचा खडखडाट. "भुसावळ गेलं आत्ता. खिडकीची जागा मिळाली."

"काकांना विचारलंस?"

"नाही. आता कळवते."

अण्णा, खंडव्याच्या पुढे एकटी न गेलेली आपली ताई! मी शिडीच्या पायरीवर डबा उघडा ठेवून नुसता बसून राहिलो.

काकांना कळवलं तेव्हा म्हणे त्यांनी आधी गाडी कुठवर आली ते विचारलं. मग म्हणाले, "एकटी आहेस? उतरून कुठे जाणार?"

"नर्सिंगच्या मैत्रिणीकडे."

"डबा घेतला का?"

"आईने दशम्या दिल्यात."

"बाहेरचं पाणी पिऊ नको." झालं, एवढंच. मग त्यांनीच जळगावला फोन करून सांगितलं, मुलगी परीक्षेला गेली, थांबायचं तर थांबा. आणि आईचं बघा, तिनेही कुणाला विचारलं नाही. पहाटे उठून दशम्या थापायला बसली.

अण्णा, इथे मधेच थांबलो होतो. ताईचा फोन आला. सुटली ती. निकाल यायला वेळ आहे. पेपर बरा गेला म्हणते, दोन-चार प्रश्नांचं काही खरं नाही म्हणते. मग म्हणाली, "छातीत दुखण्याचा आला होता रे."

मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "डॉक्टरला सांगावं, हे पण होतं त्यात. मी त्याच्यावर बोट नाही ठेवलं." आणि म्हणाली, आता वडापाव खाते.

निकाल कसाही लागो. नापास झाली तर पुन्हा बसेल, आणि तोपर्यंत मी हे काम सोडून कुठे जाणार नाही. माझ्याकडून हे वाक्य तुम्हाला नवीन आहे, माहीत आहे.

आणखी एक शब्द देतो, ताईचा आणि माझा दोघांचा. आईच्या छातीत कधी कळ आली आणि ती म्हणाली, थोडं पडू दे, सकाळी बघू, तर आम्ही तिला विचारत बसणार नाही. तिला उचलून नेऊ. ती ओरडेल, शेजारी बघतील, बघू देत. तुम्हाला मग कळवू.

न विचारता गेलेला, पण तुमचाच,
गणेश