पैलवानाची नाडी

३ मार्च १९९५
पुण्याहून सासऱ्यांना घेऊन आलो. छाती उघडण्याचे त्यांचे वय नाही, म्हणून मांडीतून नळी घालून फुग्याने हृदयाची झडप ताणून मोठी केली. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. झडपेला लागूनच ठोका खाली पोचवणारी वाट असते, ती दुखावलेली दिसते. सुधारेल किंवा बंदही पडेल. रोज नाडी मोजा. पन्नासच्या खाली गेली, चक्कर आली, तर लगेच आणा – पेसमेकर बसवावा लागेल.
घरी आल्यावर अण्णांना हे सांगितले. "म्हंजे आता मास्तरीणबाई रोज माझा हात धरनार!" हे हसले. वडिलांच्या कुठल्याही विनोदाला हे हसतात.

७ मार्च
नाडी ठीक. अण्णा हात पुढे करतात तो भीक घातल्यासारखा. वरणात मीठ जास्त पडले म्हणून माझ्या बी.एड.चा उद्धार झाला.

११ मार्च
चव्वेचाळीस. दोनदा मोजली.
हे नागापूरहून, कंपनीतून दमून आलेले. म्हणाले, अण्णा पैलवान होते, पैलवानाची नाडी संथच असते. तालमीतले सगळे हेच मानतात – नाडी जितकी हळू तितका दम मोठा. संध्याकाळी अण्णांचा जुना चेला सूर्यभान आणखी दोघांना घेऊन आला. तिघांनी आळीपाळीने मनगट धरले, बाजारात बैलाचे दात पाहावेत तसे. सूर्यभान म्हणाला, "वस्ताद, लई दम भरलाय. झडप न्हाई, नवं काळीजच घातलं जनू." सोनईच्या जत्रेत कुस्त्या आहेत, पंच म्हणून यायचे आमंत्रण देऊन गेले.
मेहनतीने संथ झालेली नाडी वेगळी आणि वाट तुटून संथ झालेली वेगळी, हे मी सांगू लागले. अण्णा म्हणाले, ते शाळेत सांग.

१४ मार्च
अण्णा मोरीशी कोसळले. क्षणभरच. ओठ पांढरे पडले होते. मी धरायला गेले तर हात झटकला – पाय घसरला म्हणे. फरशी कोरडी होती!
खरी अडचण मला कळते. छातीत मशीन बसवलेल्या म्हाताऱ्याला आखाड्यात पंच म्हणून कोण उभा करील?
अण्णा म्हणाले, "माझ्या पोराला, हनुमंताला सांगितलंस तर तुझ्या हातचं पानी पिनार न्हाई. आन् नाडी बी धरायची न्हाई."
नका पिऊ.

१५ मार्च
ह्यांना सांगितलेच. ह्यांनी अण्णांना विचारले, अण्णांनी पाय घसरल्याचे सांगितले, विषय संपला. उलट मलाच विचारले – तुला अण्णांना आजारीच ठेवायचे आहे का?
मी काळजीपोटी सांगितले की जिंकायला? दोन्ही. दुसरेच जास्त.

१९ मार्च
अण्णा फेटा बांधून सोनईला निघाले. ह्यांची सकाळची पाळी, म्हणून एसटीत बसवायला मी. पायरी चढताना धाप लागली. दांडा धरून थांबले, माझ्याकडे पाहिले. मी पिशवी वर दिली.
गाडी हलली तेव्हा हलके वाटले. इथे तरी खोटे कशाला लिहू? मनात आले – जा, आणि पड.

२० मार्च
पडले. कुस्तीच्या दोन जोड्या लावून झाल्या आणि मैदानातच, उभ्याउभ्या. सूर्यभानने जीपमध्ये घालून नगरला आणले, तिथून पुण्याला. ठोका वरून खाली पोचतच नाही, असे डॉक्टर म्हणाले. तात्पुरती तार घालून हृदय चालवले आहे.
जिन्यात ह्यांनी मला गाठले. "तू होतीस ना स्टँडवर? अडवलं नाहीस?"
तेवढ्यात नर्सने ह्यांना हाक मारली. मी कठड्याला धरून उभी राहिले. वाचावेत असे वाटत होते. पण ते अण्णांसाठी की माझ्यासाठी, हे सांगता येत नाही.

२३ मार्च
पेसमेकर बसला. धोका टळला.
खाटेशी उभे असताना हे हळूच म्हणाले, "अण्णांनी सांगितलं मला. तू एसटीच्या दारात आडवी उभी राहिलीस, त्यांनीच तुला बाजूला ढकललं. मी उगाच बोललो."
मी नाही म्हणाले नाही.
अण्णा डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते.